पाय काढला तरी

कुंभार्ली घाट उतरताना आई गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसून मोबाइलवर गाणं शोधत होते. पाटणला आजोळी चार दिवस राहून आम्ही दोघी चिपळूणला परत निघालो होतो. अर्धा घाट संपला होता. एका सरळ पट्ट्यात समोरच्या ट्रकला मागे टाकायला आईने जरा जोरात रेस दिली. ट्रक मागे पडला, पुढचं वळण आलं, तिने पाय काढला. इंजिनाचा आवाज मात्र कमी झालाच नाही.

"बघ, परत अडकली," आई म्हणाली.

ती ओरडली नाही, हे मला नीट आठवतं. तिने ब्रेक दाबला आणि दाबूनच ठेवला. क्लच दाबल्याबरोबर इंजिन असं किंचाळलं की माझ्या हातातला फोन खाली पडला. तिने गिअर न्यूट्रलला टाकला, गाडी रस्त्याच्या कडेला गटाराला लावली, हँडब्रेक ओढला आणि मला म्हणाली, "चावी बंद कर." मी केली. मागून तो ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. मग घाटात फक्त पाण्याचा आवाज उरला.

मला त्या क्षणी भीतीपेक्षा एक शब्द जास्त टोचला. आई "परत" म्हणाली होती.

तीन आठवडे ती घरात हेच सांगत होती. "अहो, पॅडल कधीकधी वर येत नाही." बाबांनी दोनदा गाडी फिरवून आणली. एकदा बाजारपेठेपर्यंत, एकदा स्टेशनपर्यंत. दोन्ही वेळा काही झालं नाही. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुझा पाय नीट उचलला जात नसेल. नवीन आहेस अजून." आई गाडी शिकली सत्तेचाळिसाव्या वर्षी. बाबा पंचवीस वर्षं चालवतायत. मीही त्या संभाषणात होते आणि मीही बाबांच्याच बाजूने हसले होते.

मी तेव्हा पुण्यात इतिहासात एम.ए. करत होते. घाटातल्या त्या संध्याकाळनंतर या अडकणाऱ्या रेसचा इतिहास मी शोधत गेले, त्यामागे कुतूहल होतं आणि थोडी लाजही होती. आईसारखं आणखी किती जणांनी सांगून पाहिलं आणि त्यांचं काय झालं, हे मला हवं होतं. त्या शोधात जे सापडलं ते, आणि गॅरेजवाल्या चाचांनी त्या दिवशी जे दाखवलं ते, दोन्ही इथे एकत्र सांगते. कारण चाचा ज्या क्रमाने एकेक गोष्ट तपासत गेले, त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला स्वतःचा इतिहास निघाला.

आधी ती अडकायचीच

इंग्रजीत ज्याला थ्रॉटल म्हणतात, तो शब्द घशावरून आला आहे. इंजिनाचा घसा. तो आवळला की इंजिन मंद, मोकळा सोडला की जोरात. मोटारगाड्यांच्या कितीतरी आधी वाफेच्या इंजिनांना ही झडप होती. जेम्स वॉटने १७८८मध्ये आपल्या इंजिनाला दोन फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, तो हीच झडप आपोआप कमी-जास्त करायचा.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये हा घसा पायाने नाही, हाताने उघडत. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला पायाशी तीन पॅडल होती, पण त्यातलं एकही रेसचं नव्हतं. डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. रेस द्यायला स्टीअरिंगच्या खाली उजवीकडे छोटी दांडी होती. ती जिथे ठेवाल तिथेच राही. आपल्याकडे ट्रॅक्टरवर बसलेल्या कुणालाही ही हाताची रेस माहीत असेल. नांगरताना दांडी एकदा लावली की तासभर तिला हात लावायला नको.

म्हणजे तेव्हा रेस "अडकणं" हा बिघाड नव्हताच. ती तशीच असायची.

पायाच्या पॅडलने खरा फरक केला तो त्याच्या स्प्रिंगमुळे. पाय आहे तोवर वेग, पाय काढला की घसा बंद. माणसाला काही झालं, तो दचकला, बेशुद्ध पडला, तरी गाडीने स्वतःहून मंद व्हावं, ही त्यामागची समजूत. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर ही आजची ओळखीची रांग कॅडिलॅकच्या १९१६च्या टाइप ५३ गाडीत दिसते आणि १९२२च्या छोट्या ऑस्टिन सेव्हनसारख्या गाड्यांनी ती घरोघरी नेली. तेव्हापासून गाडी चालवणारा प्रत्येक माणूस न बोलता एक करार गृहीत धरतो. मी पाय काढला की तू थांबशील.

आईचा तो करार घाटात मोडला होता.

चाचांचा क्रम

चाचा पोफळीकडून बाइकवर आले, मागे एक पोरगा आणि पाठीला पिशवी. फोनवर त्यांनी आधीच बजावलं होतं, "गाडी हलवू नका. चालू पण करू नका."

आल्यावर त्यांनी आधी बॉनेट उघडलं नाही. ते आईकडे वळून म्हणाले, "ताई, कधी अडकते? चढावर की उतारावर? गाडी थंड असताना की गरम? पूर्ण दाबल्यावर की थोडं दाबल्यावर?"

आई क्षणभर गप्प राहिली. मला वाटतं, तीन आठवड्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मग तिने सांगितलं. थंड-गरमचा संबंध नाही. हळू चालवताना कधीच नाही. ओव्हरटेक करताना किंवा चढ चढताना, पॅडल अर्ध्याच्या खाली गेलं की.

"बस," चाचा म्हणाले. "अर्धं काम झालं."

मग ते खाली वाकले आणि त्यांनी पहिल्यांदा पायाशी असलेली मॅट ओढून बाहेर काढली.

मला ते हास्यास्पद वाटलं. मॅटने काय होणार? पुढे वाचताना कळलं की या एका चटईने जगातल्या एका सगळ्यात मोठ्या कार कंपनीला हादरवलं होतं.

२८ ऑगस्ट २००९. अमेरिकेत सॅन दिएगोजवळ हायवे पोलिसांतला एक अधिकारी सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह लेक्सस गाडीतून निघाला होता. स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला दिल्यामुळे ही गाडी डीलरने तात्पुरती दिलेली. ती ताशी १६० किलोमीटरच्या वर गेली आणि थांबेना. मागे बसलेल्या मेव्हण्याने आपत्कालीन क्रमांकावर फोन करून ब्रेक लागत नाहीत असं सांगितलं. फोन चालू असतानाच अपघात झाला. चौघेही गेले. रोज इतरांना रस्त्यावर सुरक्षित चालवायला शिकवणाऱ्या खात्यातला माणूस स्टीअरिंगवर होता, त्यामुळे "त्याला चालवता येत नसेल" असं म्हणायला कुणालाच जागा नव्हती.

तपासात निघालं की गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि ती खिळवलेली नव्हती. तिच्या कडेखाली पॅडलचं टोक अडकलं. आणि आणखी एक गोष्ट निघाली, जी वाचून मी लॅपटॉप बंद केला. काही दिवस आधी हीच गाडी वापरलेल्या दुसऱ्या एका ग्राहकाच्या बाबतीत असंच घडलं होतं. त्याने गाडी कशीबशी थांबवली, मॅटमधून पॅडल सोडवलं आणि गाडी परत करताना डीलरकडे तसं सांगितलंही होतं.

सांगितलं होतं. म्हणजे एक "परत" तिथेही होता.

सप्टेंबर २००९च्या शेवटी टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरच्या बाजूची मॅट काढून टाकायला सांगितलं. नंतर अनेक मॉडेलमध्ये पॅडलचं खालचं टोक कापून आखूड केलं गेलं.

आमची मॅट निर्दोष निघाली. चाचांनी ती तरीही मागच्या सीटवर टाकली आणि म्हणाले, "एकावर एक दोन मॅट कधी टाकायच्या नाहीत. पावसाळ्यात लोक टाकतात."

स्प्रिंग दोन का असतात

मग त्यांनी इंजिन बंदच ठेवून हाताने पॅडल दाबलं आणि सोडलं. अर्ध्यापर्यंत दाबलं की टणकन वर येत होतं. तळापर्यंत दाबलं की तिसऱ्या-चौथ्या वेळी ते मध्येच थबकत होतं. बोटाने वर उचललं की सुटत होतं.

"दिसलं?" चाचांनी मला विचारलं. मला दिसलं. बाबा बाजारपेठेतल्या गर्दीत गाडी चालवतात. तिथे पॅडल अर्ध्याच्या खाली कधी जाणार? त्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते आणि आईही नव्हती. दोघं एकाच गाडीच्या दोन वेगळ्या भागांबद्दल बोलत होते.

आता बॉनेट उघडलं. पोरगा आत बसून पॅडल दाबू लागला, चाचा इंजिनाशी उभे राहून पाहू लागले. इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी एक चकती असते, तिला जोडलेली एक छोटी अर्धगोल फिरकी असते आणि तिच्यावर आमच्या पायापासून निघालेली केबल येऊन अडकते. चाचांनी फिरकीवरच्या स्प्रिंगला बोट लावून दाखवलं. एक नाही, दोन.

ती दुसरी स्प्रिंग कायद्यातूनही आली आहे. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७३पासून लागू झालेला १२४ क्रमांकाचा सुरक्षा नियम सांगतो की पाय काढल्यावर थ्रॉटल परत आणणारी किमान दोन साधनं हवीत आणि त्यातलं एक तुटलं तरी दुसऱ्याने काम करायला हवं. वेळही ठरवून दिली. साध्या कारला एक सेकंद, जड वाहनांना दोन, कडाक्याच्या थंडीत तीन.

असा नियम कागदावर यायच्या आधी रस्त्यावर काय चाललं होतं, याचा एक मोठा नमुना १९७१चा आहे. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर रबरी ठोकळ्यांवर बसवलेलं असतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला माउंटिंग म्हणतात. १९६५ ते ६९च्या काळातल्या शेवरोले गाड्यांमध्ये हे रबर फाटायचं. मग जोरात रेस दिली की इंजिन एका बाजूने उचललं जायचं आणि उचलताना रेसची जोडणी स्वतःच ओढायचं. म्हणजे इंजिन स्वतःलाच रेस द्यायचं. त्यातच ब्रेकला मदत करणारी हवेची नळीही निसटू शकायची. डिसेंबर १९७१मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय काय होता? इंजिन उचललं जाऊ नये म्हणून त्याला बांधणारी एक पोलादी दोरी.

मी हे नंतर चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माउंटिंग मी पण हलवून बघितलं होतं. तुझं लक्ष नव्हतं."

तो पाय कुणाचा

आता बाबांची बाजू. कारण प्रामाणिकपणे इतिहास सांगायचा तर त्यांची बाजूही त्यात आहे.

२३ नोव्हेंबर १९८६ला अमेरिकेत "सिक्स्टी मिनिट्स" या टीव्ही कार्यक्रमात ऑडी ५००० या गाडीवर एक भाग दाखवला गेला. गिअर टाकताच गाडी आपोआप सुसाट सुटते, अशा तक्रारी होत्या. माणसं मेली होती. कार्यक्रमात एका गाडीचं पॅडल कुणी न दाबता आपोआप खाली जाताना दिसलं. त्यासाठी तज्ज्ञाने गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून दाबाने हवा सोडली होती, ही गोष्ट मात्र प्रेक्षकांना सांगितली गेली नव्हती. अमेरिकेत ऑडीची वर्षाची विक्री १९८५मध्ये ७४ हजारांच्या आसपास होती, ती १९९१मध्ये १२ हजारांच्या आसपास आली.

१९८९मध्ये सरकारी तपासाचा अहवाल आला. बहुतेक प्रकरणांत चालकाने ब्रेक समजून रेसच दाबली होती, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रेक दाबतोय असं वाटतं, गाडी थांबत नाही, म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो. पाय चुकलाय हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तो खोटं बोलत नसतो.

म्हणजे बाबा बरोबर? इथे मी बराच वेळ थांबले. कारण त्याच अहवालात पुढेही काहीतरी आहे. ऑडीच्या इंजिनाचा मंद वेग सांभाळणारा भाग कधीकधी बिघडायचा आणि गाडी थोडा हिसका द्यायची. त्याने दचकून चालकाचा पाय चुकण्याची शक्यता होती. म्हणजे चूक पायाची, पण पाय चुकायला निमित्त यंत्राचं.

या प्रकरणाचा खरा परिणाम तुम्ही आज रोज पाहता. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय गिअर "पार्क"मधून निघत नाही. ऑडीने हे कुलूप आपल्या गाड्यांना लावलं आणि पुढे ते सगळीकडे आलं. दोष चालकाचा ठरला, तरी सुधारली गेली ती गाडीच. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. "तुझा पाय चुकतो" हे वाक्य जरी खरं असलं, तरी त्यानंतर "मग पाय चुकू नये म्हणून काय करू?" हे यायला हवं. आमच्या घरात पहिलं वाक्य झालं आणि टीव्ही लागला.

काटा

चाचांनी फिरकीवरून केबलचं टोक सोडवलं. आता एका बाजूला फिरकी सुटी, दुसऱ्या बाजूला केबल सुटी. त्यांनी फिरकी हाताने फिरवून सोडली. झटक्यात बंद. पाच वेळा, दहा वेळा. म्हणजे चकती आणि स्प्रिंग ठीक. चकतीवर काजळी होती, पण ती अडकत नव्हती.

मग त्यांनी पोराला केबल पायाकडून ओढायला सांगितली आणि स्वतः इंजिनाकडचं टोक चिमटीत धरून परत ओढलं. केबल आत गेली गुळगुळीत. बाहेर येताना खरखरली आणि थांबली.

त्यांनी टॉर्च मारला, मला जवळ बोलावलं. केबल म्हणजे एक तार नसते, बारीक तारांचा पीळ असतो. त्यातली एक तार तुटून केसाएवढी वर आली होती, टोक इंजिनाच्या दिशेला. थोडं पॅडल दाबलं तर ती बाहेरच राही. खोल दाबलं की केबलबरोबर ती बाहेरच्या नळीत शिरायची आणि परत येताना बोरीच्या काट्यासारखी आत रुतायची. नळीच्या तोंडाशी तांबूस चिखल साचून सुकला होता.

"पुराची गाडी ना?" चाचांनी विचारलं.

होय. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा ही गाडी आमच्या गल्लीत छपरापर्यंत बुडाली होती. नंतर आम्ही सीट काढून वाळवल्या, गालिचे फेकले, ऑइल दोनदा बदललं, वायरिंगवर पैसे घातले. गाडी चालू झाली तेव्हा बाबांनी पेढे वाटले. पण नळीच्या आत, जिथे कुणाचं बोट पोहोचत नाही, तिथे वाशिष्ठीचा गाळ तसाच राहिला. त्याने तारेला गंज चढवला आणि गंजाने एक तार तोडली. पूर ओसरून महिने झाले होते, आम्ही तो विषय मनातून काढलाही होता.

चाचांनी तुटलेली तार पक्कडीने मुळाशी कापली, केबल पंचवीस-तीस वेळा मागेपुढे ओढून खात्री केली, आणि गाडी स्वतः हळूहळू खाली नेली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नवी केबल बसवली. जुनीत तेल सोडून चालणार नाही का, असं बाबांनी विचारलं. चाचा म्हणाले, "तार तुटायला लागली की केबल गेली. एक कापली, उद्या दुसरी येईल. आणि हिच्या नळीला आतून प्लास्टिक असतं, तेल टाकलं की धूळ धरते." नवी केबल त्यांनी जुन्या क्लिपांमधून, कुठेही कोनात न वाकवता नेली, टोकाला किंचित ढील ठेवली, चकतीवरची काजळी साफ केली. मग पोराला आत बसवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत पॅडल तळापर्यंत दाबून सोडायला लावलं. खर्च आम्ही पुरानंतर बदललेल्या सीट कव्हरांपेक्षा कमी आला.

केबल नसलेल्या गाड्या

तुमच्यापैकी अनेकांच्या घरच्या गाडीला ही केबल नसेलच. आता पॅडलखाली सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला सांगतो आणि छोटी मोटर चकती फिरवते. तार नाही, तर गंज नाही, काटा नाही. मग अडकणार काय?

२१ जानेवारी २०१०ला टोयोटाने अमेरिकेत आणखी सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या. यावेळी मॅटचा संबंध नव्हता. पॅडलच अडकत होतं. कारण वाचून मला चाचांची आठवण आली. केबल गेल्यावर पॅडल पायाला फारच हलकं लागायचं. जुन्या गाडीसारखं वाटावं म्हणून पॅडलच्या यंत्रणेत मुद्दाम थोडं घर्षण ठेवलं होतं. काही पॅडलमध्ये ते घासणारे भाग झिजले, ओलावा साचला की चिकटू लागले. दुरुस्ती म्हणजे नेमकी कापलेली एक पोलादी पट्टी, त्या दोन भागांमध्ये बसवायची.

पुढच्या महिन्यात टोयोटाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीसमोर बसले आणि त्यांनी माफी मागितली. पण लोकांचा संशय आता कॉम्प्युटरवर होता. सरकारने थेट नासाच्या अभियंत्यांना बोलावलं. दहा महिने तपास झाला. फेब्रुवारी २०११च्या अहवालात गाड्या आपोआप सुसाट सुटण्यामागे इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही, असं म्हटलं होतं. मॅट, चिकटणारं पॅडल आणि चुकलेला पाय, हीच कारणं उरली. तरी २०१३मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने २००७च्या एका अपघातात सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींबद्दल तज्ज्ञांची साक्ष ऐकून टोयोटाला जबाबदार धरलं. या वादावर आजही इंजिनिअर लोक भांडतात.

शिक्षा मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी झाली. चिकटणाऱ्या पॅडलबद्दल सप्टेंबर २००९मध्ये कंपनीने युरोपातल्या वितरकांना दुरुस्तीच्या सूचना पाठवल्या होत्या. अमेरिकी यंत्रणेला तेव्हा कळवलं नव्हतं. त्यासाठी एक कोटी ६४ लाख डॉलरचा दंड झाला. आणि मार्च २०१४मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याचं कबूल करून कंपनीने १२० कोटी डॉलर भरले. पॅडल अडकण्याची किंमत एक पट्टी होती. माहीत असून न सांगण्याची किंमत ही होती.

आपल्याकडे कार कंपन्यांनी गाड्या परत बोलावण्याचा ऐच्छिक नियम २०१२मध्ये आला. कायदा यायला २०१९ उजाडलं. मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहेत. आमची गाडी २००६ची. तिच्यासाठी चाचाच.

हे लक्षात ठेवा

इतकं लांब वाचलंत, तर एवढं उचलून न्या. रेस अडकली तर ब्रेक घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. सोडून-दाबून करू नका. पेट्रोल गाडीत रेस पूर्ण उघडी असताना ब्रेकला मदत करणारी पोकळी तयारच होत नाही, साठलेली एक-दोन दाबांत संपते आणि मग पॅडल दगडासारखं कडक होतं. गिअर न्यूट्रलला टाका. इंजिन कितीही किंचाळू दे. गाडी कडेला थांबली की मगच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी पूर्ण फिरवून काढली तर स्टीअरिंग लॉक होतं. बटणवाल्या गाडीत बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. सॅन दिएगोच्या त्या गाडीलाही बटण होतं आणि ते तीन सेकंद धरावं लागायचं. त्या वेगात तीन सेकंद फार असतात. आणि मॅट आजच पाहा, ती हुकांत नीट अडकवलेली आहे का.

आईने यातलं बहुतेक सगळं केलं होतं, कुठेही न वाचता. कसं सुचलं, असं मी विचारलं तर म्हणाली, "तीन आठवडे रोज रात्री विचार करत होते, अडकली तर काय करायचं. तुम्ही कुणी ऐकत नव्हतात, मग दुसरं काय करणार?"

बाबांनी माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. जुनी केबल त्यांनी गॅरेजमधून मागून घरी आणली, काटा होता तिथे नखाने चाचपून पाहिली आणि माळ्यावर ठेवली.

दोनेक महिन्यांनी आई जेवताना म्हणाली, "ब्रेक लावताना मागून घासल्यासारखा आवाज येतो." बाबांनी ताट सरकवलं, हात धुतले आणि विचारलं, "कुठल्या चाकाचा? हळू असताना की जोरात?" मग त्याच रात्री गाडी काढून चाचांकडे गेले. मागच्या डाव्या चाकात एक खडा अडकला होता, एवढंच निघालं.

परत आल्यावर त्यांनी तो खडा आईपुढे टेबलावर ठेवला. आईने तो उचलून खिडकीतून बाहेर टाकला आणि त्यांचं गार झालेलं जेवण गरम करायला घेतलं.